घरी बनवलेली वेळेची डबी विकू का?

पत्र

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो, एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. एच-१बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी सांगलीला बाबांसाठी इथून भिंतीवरचं एक घड्याळ नेलं. मोठे आकडे, वार, तारीख, आणि रेडिओवरून आपोआप वेळ जुळवणारं. बाबा ८१ वर्षांचे आहेत, त्यांचा वाराचा गोंधळ होतो आणि गोळ्या वार पाहून घ्यायच्या असतात. पण तिथे ते घड्याळ जुळेचना. मग मी एक डबी बनवली: ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा संगणक-बोर्ड), फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली तार, एक कपॅसिटर. ती वायफायवरून इंटरनेटची वेळ घेते आणि कोलोरॅडोच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी या वेळ सांगणाऱ्या रेडिओ केंद्रासारखाच ६० किलोहर्ट्झचा संदेश शेजारच्या घड्याळापुरता सोडते. घड्याळ एका रात्रीत जुळलं.

इथल्या मित्रांनीही मागितल्या, कारण त्यांच्या अपार्टमेंटमध्ये सिग्नल पोचत नाही. सात दिल्या. चौघांनी नको म्हणत असताना ४०-४० डॉलर हातात कोंबले. सामानाचा खर्च १४ डॉलर येतो. आता महाराष्ट्र मंडळातल्या एका गृहस्थांना दिवाळीच्या भेटीसाठी ४० नग हवेत. पुण्याला परत गेलेला एक मित्र म्हणतो, अमेरिकेतून परतलेल्यांच्या घरी अशी घड्याळं पडून आहेत, तू पाठव, मी विकतो. बायको म्हणते, विकायचंच तर रीतसर कंपनी काढ. किंमत किती ठेवू? आणि सुरुवात कुठून करू?

– घड्याळवाला, न्यू जर्सी

उत्तर

नमस्कार घड्याळवाले,

तुम्ही किंमत विचारली आहे, पण त्या प्रश्नाला मी शेवटी हात घालणार आहे. त्याआधी मंडळातल्या गृहस्थांना कळवा की ४० नगांचं काम सध्या थांबवलंय. तुमची डबी चांगलीच आहे, आणि सांगलीच्या घरात तिने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. वाराचा गोंधळ होणाऱ्या माणसाला भिंतीकडे पाहून खात्रीने ‘आज गुरुवार’ म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण घरच्यांसाठी वस्तू बनवणं वेगळं आणि विकणं वेगळं, आणि तुमच्या बाबतीत ही रेघ ओलांडली तर किंमत डॉलरमध्ये मोजावी लागणार नाही.

पहिली गोष्ट व्हिसाची. पत्रात तो एका वाक्यात येऊन जातो, आणि माझ्या मते सगळ्यांत जड वाक्य तेच आहे. एच-१बीवरच्या माणसाला ज्या कंपनीने अर्ज केला त्या कंपनीचंच काम करता येतं. संध्याकाळी तळघरात बसून डबी जोडायची आणि पैसे घेऊन द्यायची, हे बाजूचं काम परवानगीशिवायची नोकरी धरलं जाऊ शकतं. इतकी वर्षं रांगेत काढल्यावर ४० डॉलरच्या डबीवरून फाइलवर शेरा यावा, हे मला पाहवणार नाही. ‘रोखीत घेतले, कोण विचारतंय’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पुढे फॉर्म भरताना या प्रश्नाचं उत्तर सहीनिशी द्यावं लागतं आणि तिथे खोटं लिहिणं हा त्याहून मोठा गुन्हा.

चौघांचे ४०-४० डॉलर परत करा. डबी त्यांच्याकडेच राहू दे, फक्त दुरुस्तीसाठी एकदा मागवून घ्या (त्याबद्दल खाली लिहिलं आहे), पण पैसे परत गेले पाहिजेत. मित्र हसतील. ‘अरे, असू दे रे’ म्हणतील. तरीही द्या.

कंपनी काढायचं तुमच्या पत्नीने सुचवलं ते अगदीच चुकीचं नाही, पण कोणाच्या नावावर हा प्रश्न आहे. त्या एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असतील आणि तुमचा आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झाला असेल, तर २०१५ पासूनच्या नियमानुसार त्यांना कामाची परवानगी, म्हणजे ईएडी, मिळू शकते, आणि ती हातात असेल तर स्वतःचा धंदाही करता येतो. मात्र कंपनी त्यांची आणि रात्री सोल्डरिंग आयर्न तुमच्या हातात, हेही काम तुमचंच झालं. इथे अंदाजाने चालू नका. इमिग्रेशनच्या वकिलाची एक तासाची फी भरा आणि नेमकं विचारा: पत्नीच्या कंपनीने ही डबी विकली तर मी पगार न घेता काय करू शकतो आणि काय नाही? आधी बनवलेलं डिझाइन मी त्यांना फुकट देऊ शकतो का? आधी घेतलेले आणि परत केलेले पैसे कुठे नोंदवायचे? उत्तर ईमेलवर मागा, तोंडी नको.

त्याच सुमाराला नोकरीचा करार काढून वाचा. एम्बेडेडमध्ये काम करणाऱ्यांच्या करारात बहुधा शोधांच्या मालकीचं कलम असतं. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या सामानावर आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काही केलं, तर त्यावर कंपनीने हक्क सांगू नये असा कायदा न्यू जर्सीत आहे. पण ऑफिसचा लॅपटॉप किंवा ऑसिलोस्कोप एकदा जरी वापरला असेल तरी मामला धूसर होतो. वापरला असेल तर वकिलाला तेही सांगा.

आता रेडिओचं. तुम्ही स्वतः अभियंता आहात, त्यामुळे हे तुम्हाला पटकन कळेल. तुमची डबी घड्याळ नाही, ती प्रक्षेपक आहे. कितीही दुबळी असली तरी ती मुद्दाम रेडिओलहरी सोडते, आणि अशा उपकरणांवर अमेरिकेत एफसीसी या रेडिओ-दूरसंचार नियामकाचे ‘भाग १५’चे नियम लागू होतात. ९ ते ४९० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादा सोपी आहे: २४०० भागिले किलोहर्ट्झमधली वारंवारता, तेवढे मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, ३०० मीटरवर. ६० किलोहर्ट्झला ती ४० होते. तुमची फेराइटची दांडी त्याच्या पुष्कळ खाली असणार याबद्दल मला शंका नाही. पण विकायचं असेल तर ‘मी खाली आहे’ हे तुमचं म्हणणं पुरत नाही. मोजणी आणि प्रमाणपत्र लागतं. बोर्डावरच्या वायफाय मॉड्यूलवर एफसीसीचा क्रमांक छापलेला असतो, तो पाहून अनेकांची समजूत होते की काम झालं. तो क्रमांक वायफायचा. ६० किलोहर्ट्झचा भाग तुम्ही बनवला, त्याची जबाबदारी तुमची.

हौशी माणसासाठी त्याच नियमांत एक सवलत आहे: विकायचं नाही, किटमधून जोडलेलं नाही, स्वतःच्या वापरासाठी, आणि जास्तीत जास्त पाच नग. अशा उपकरणाला मंजुरी लागत नाही. मोजणीची साधनं घरी नसतात हेही नियम मान्य करतो, फक्त चांगल्या अभियांत्रिकीने बनवा एवढीच अपेक्षा ठेवतो. मला हा नियम मनापासून आवडतो. कुठल्याही देशात घरच्या टेबलावर शिकणाऱ्यांना अशी मोकळीक असायला हवी. पण तुमचा हिशेब पाहा: बाबांची एक आणि मित्रांच्या सात. आकडा पाचाच्या पुढे गेला, वापर दुसऱ्यांचा आणि चौघांचे पैसे घेतलेले. मंडळाच्या ४० तर या सवलतीच्या जवळपासही येत नाहीत. ‘मग सुटे भाग पाकिटात घालून देतो, त्यांनी जोडावं’ ही पळवाट डोक्यात येईल. ती बंद आहे, कारण सवलतीतच किट वगळलेलं आहे.

याहून मला जास्त काळजी आहे ती डबीच्या आतली. तुमच्या पत्रात तिच्या चुकीच्या वागण्याबद्दल एक शब्दही नाही. चांगल्या दिवशी ती काय करते ते तुम्ही लिहिलंत. वाईट दिवशी काय करते?

सांगलीत लाइट जाते. परत आली की तुमचा बोर्ड काही सेकंदांत उठतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर बोर्डाला वेळ माहीत नसते. त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र असते, ग्रिनिचची. प्रोग्रॅमने उठल्याउठल्या प्रक्षेपण सुरू केलं तर संदेशात वर्षाचे दोन आकडे ७० असे जातात. दर मिनिटाला एक पूर्ण संदेश, आणि लागोपाठचे दोन-तीन संदेश जुळले की बऱ्याचशा घड्याळांचं समाधान होतं. ते घड्याळ नेमकं त्या वेळी सिग्नल शोधत असलं, तर बाबांच्या भिंतीवर पहाटेचे साडेपाच, १ जानेवारी दिसेल. आणि ७० म्हणजे २०७० असं घड्याळाने धरलं तर वार बुधवार. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी बुधवारची असेल तर?

वेळ माहीत नसेल तर डबीने गप्प बसलं पाहिजे. साधं क्वार्ट्झ घड्याळ सिग्नल नसताना महिन्याला १५-२० सेकंद इकडे-तिकडे होतं, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. चुकीचा वार ठामपणे दाखवणारं घड्याळ मात्र घातक आहे. प्रोग्रॅममध्ये तीन कुलुपं घाला. इंटरनेटवरून खरी वेळ मिळाल्याशिवाय गुंडाळीत प्रवाह जाऊ नये. मिळालेलं वर्ष प्रोग्रॅम लिहिला त्या वर्षाच्या आधीचं असेल तर ते नाकारावं. आणि शेवटची खरी वेळ मिळून एक दिवसापेक्षा जास्त झाला असेल तरी थांबावं. वायफाय वरचेवर जाणारं घर असेल तर डीएस३२३१ ही वेळ जपणारी छोटी चिप आणि नाण्याएवढा सेल बसवा. ती वर्षाला फार तर मिनिटभराच्या आसपास चुकते, तेवढ्यावर काही दिवस निभावतं. मग तिसऱ्या कुलपाची मुदतही वाढवता येईल.

दुसरी अडचण तुमच्या साडेदहा तासांची. पत्रात लिहिलं नाहीत, पण तुम्ही ती युक्ती केली असणारच. अमेरिकी घड्याळात पॅसिफिक, माउंटन, सेंट्रल आणि ईस्टर्न एवढेच पट्टे, भारताचा पट्टा नाही. घड्याळ ईस्टर्नवर ठेवलं की ते आलेल्या वेळेतून पाच तास वजा करतं. त्यामुळे भारतीय वेळ दिसावी म्हणून डबीने जागतिक वेळेत साडेदहा तास मिळवून पाठवायचे, आणि उन्हाळी वेळेचे दोन्ही बिट शून्य ठेवायचे. इथे क्रम महत्त्वाचा: आधी साडेदहा तास मिळवा, मग त्या नव्या क्षणावरून वर्षातला कितवा दिवस, कोणतं वर्ष आणि लीप वर्ष आहे का ते काढा. डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी केंद्र तारीख महिन्याने सांगत नाही, वर्षातला १ ते ३६६ मधला दिवस सांगते. तास वाढवले आणि तारीख जुन्या क्षणाचीच ठेवली, तर रोज काही तास घड्याळ आदला दिवस दाखवेल आणि ३१ डिसेंबरला वर्षही चुकेल. ३१ डिसेंबर आणि २८-२९ फेब्रुवारीची खोटी वेळ देऊन एकदा चाचणी घ्या.

सांगलीत या साडेदहा तासांचा कोणाला उपद्रव नाही. भारतात दीर्घलहरींवर वेळ सांगणारं केंद्रच नाही. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, पण भिंतीवरच्या घड्याळांना ऐकू येईल असं तिचं प्रक्षेपण नाही. न्यू जर्सीचं तसं नाही. आपल्या लोकांच्या घरात दोन घड्याळं असतात, एक इथलं, एक भारतातलं. ‘भारताची वेळ’ पाठवणारी डबी इथल्या घड्याळाच्या हाताशी ठेवली की रात्री ते साडेदहा तास (उन्हाळी वेळ चालू असताना साडेनऊ) पुढे जाईल. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या पलंगाजवळ असंच घड्याळ असेल तर त्याचंही तेच, आणि सकाळी त्याला कारण कळणारही नाही. ६० किलोहर्ट्झची लहर पाच किलोमीटर लांबीची. तुम्ही तिच्या अगदी निकटच्या क्षेत्रात आहात, तिथे अंतर दुप्पट केलं की चुंबकीय क्षेत्र आठपट क्षीण होतं. हा तुमच्या फायद्याचा नियम आहे, त्याचा वापर करा. गुंडाळीतला प्रवाह इतका कमी करा की अर्ध्या मीटरवर घड्याळ जुळेल आणि दीड मीटरवर जुळणार नाही. बहुतेक घड्याळं मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत सिग्नल शोधतात, तेव्हा तेवढ्याच वेळात प्रक्षेपण करा. चोवीस तास बोलत बसायची तिला गरज नाही.

तिसरी अडचण इतरांच्या रेडिओत येणाऱ्या व्यत्ययाची. बोर्डाच्या पायातून चौकोनी लहर निघते आणि तिच्यासोबत विषम पटीतल्या लहरी निघतात: १८०, ३००, ४२०, ५४०, ६६० किलोहर्ट्झ. यातल्या शेवटच्या दोन इथल्या मध्यमलहरींच्या पट्ट्यात येतात. कपॅसिटर नीट जुळवला असेल तर त्या पुष्कळ दबतात. एक मिलिहेन्रीच्या गुंडाळीला सुमारे सात नॅनोफॅरड लागतात, ते तुम्ही काढलं असेलच. पण नुसत्या गणितावर विसंबू नका. डबीशेजारी मध्यमलहरींचा साधा रेडिओ धरा आणि ५४० व ६६० च्या जागी सुई नेऊन ऐका. दर सेकंदाला लहर खाली जाते, शून्यासाठी ०.२ सेकंद, एकासाठी ०.५ आणि खुणेच्या ठोक्यासाठी ०.८. डबीचा त्रास होत असेल तर रेडिओत त्याच तालावर काहीतरी बदलताना ऐकू येईल.

मित्रांकडच्या सात डब्या याच कामासाठी परत मागवा. नवा प्रोग्रॅम घाला. आणि एखाद्याच्या घरी डबी जुळली नाही असं तो म्हणत असेल तर आधी घड्याळ कोणतं ते विचारा. २०१२ पासून डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी जुन्या संदेशाबरोबर फेजमध्येही माहिती पाठवतं आणि काही नवी घड्याळं फक्त तीच वाचतात. त्यांच्या दृष्टीने तुमची डबी नसल्यातच जमा.

खरं तर न्यू जर्सीतल्या काही मित्रांना डबीची गरजच नसेल. केंद्र फोर्ट कॉलिन्सला, तुमच्यापासून अडीच हजार किलोमीटरच्या पुढे. दिवसा सिग्नल क्षीण, रात्री बरा. घड्याळाच्या आतली दांडी सहसा आडवी असते आणि ती केंद्राच्या दिशेला काटकोनात असली की चांगलं ऐकते. केंद्र पश्चिमेला आहे, म्हणजे घड्याळाचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला हवं. उत्तर-दक्षिण तोंड करून टांगलेलं, खाली फोनचा चार्जर आणि शेजारी एलईडी दिवा, अशा घड्याळाला वर्षानुवर्षं काही ऐकू येत नाही. दोन रात्री पश्चिमेच्या खिडकीत ठेवून पाहा म्हणावं. फुकटचा उपाय आहे, आणि तो तुमच्याकडून आला तर लोकांचा तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

इंटरनेटवरच्या वेळेबद्दलही एक सांगायचं आहे. तुम्ही बहुधा एनटीपी पूलचे, म्हणजे इंटरनेटवर वेळ सांगणाऱ्या सामायिक समूहाचे, सर्व्हर वापरता. तो स्वयंसेवकांवर चालतो. घरच्या एका-दोन उपकरणांसाठी तो सगळ्यांना खुला आहे, पण विकायच्या उपकरणात पत्ता घालायचा असेल तर आधी त्यांच्याकडे अर्ज करून आपल्या नावाचा वेगळा विभाग घ्यावा, अशी त्यांची स्पष्ट विनंती असते. २००३ मध्ये नेटगिअरच्या राउटरमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता पक्का लिहिलेला होता आणि उत्तर मिळालं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं अशी चूक राहिली होती. लाखो राउटर एका विद्यापीठावर तुटून पडले. तुमच्या ४० डब्यांनी असं होणार नाही, पण सवय पहिल्या डबीपासून लावा: दिवसातून काही वेळाच विचारायचं, आणि उत्तर नाही आलं तर थांबत थांबत, अंतर वाढवत विचारायचं. प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कोणाचं खुलं कोड वापरलं असेल तर त्याचा परवानाही वाचा. विकताना मूळ कोड सोबत देण्याची अट काही परवान्यांत असते.

आता किंमत. ४० डब्या, ४० डॉलर, एकूण १६०० डॉलर. सामानाचे ५६० गेले, राहिले १०४०. यातून तुमचे तास, टपाल, आणि ‘वायफायचा पासवर्ड बदलला, आता काय करू’ म्हणून रात्री येणारे फोन. या डबीच्या धंद्यात खरं काम त्या फोनचंच असेल. शिवाय प्रमाणपत्र. अशा उपकरणाची प्रयोगशाळेतली मोजणी आणि कागदपत्रं काही हजार डॉलरच्या घरात जातात. समजा आठ हजार लागले. ४० नगांवर वाटले तर डबीमागे २०० डॉलर, ५०० नगांवर वाटले तर १६. म्हणजे पाचशे गिऱ्हाइकं हवीत. ती कुठून आणणार? भिंतीवरच्या घड्याळासाठी कोणी महागडी डबी घेणार नाही, त्यापेक्षा कमी पैशांत थेट वायफायवर जुळणारं नवं घड्याळ मिळतं. फोनच्या स्पीकरमधून असाच सिग्नल काढणारी फुकटची ॲप्सही आहेत. उरतात ते रेडिओवर जुळणारी मनगटी घड्याळं जिवापाड जपणारे लोक, जे अशा केंद्रांच्या टप्प्याबाहेरच्या देशांत राहतात. ते पैसे मोजतील, पण त्यांना चार-पाच केंद्रांचे संदेश एकाच डबीत हवे असतात: अमेरिकेचं, जर्मनीचं ७७.५ किलोहर्ट्झचं डीसीएफ७७, जपानचं ४० आणि ६० चं जेजेवाय, इंग्लंडचं ६० चं एमएसएफ. मग मोजणीही प्रत्येक वारंवारतेवर. माझ्या हिशेबात ४० ची ऑर्डर तोट्याची आणि ५०० चा धंदा आज तुमच्या व्हिसावर अशक्य आहे. म्हणून किंमत ठरवू नका, कारण सध्या विकायचंच नाही.

पुण्याच्या मित्रालाही तेच कळवा, थोड्या वेगळ्या कारणाने. भारतात बिनतारी उपकरणांवर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं नियंत्रण असतं. विकण्यासाठी माल आणायचा तर वायफायवाल्या उपकरणाला आधी ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची, मंजुरी हवी, आणि ६० किलोहर्ट्झचं प्रक्षेपण कोणत्या सवलतीत बसतं हे त्या शाखेकडून लेखी घ्यावं लागेल. पाहुण्यांच्या बॅगेतून दहा-दहा डब्या पाठवून विकणं हा त्याचा पर्याय नाही. मित्र पुण्यातच राहतो आणि त्याला खरोखर हा धंदा करायचा असेल, तर मंजुरी, आयात, विक्री, बिलं सगळं त्याच्या नावाने होऊ दे आणि तुमचा भाग काय असेल तो वकिलाच्या उत्तरानंतर ठरवा. तोवर त्याला नमुनाही पाठवू नका.

मग डबीचं करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: डिझाइन खुलं करा. सर्किट, प्रोग्रॅम, आणि वर सांगितलेल्या तीन कुलपांची कारणं, हे सगळं मराठीत आणि इंग्रजीत, पैसे न घेता. वकिलाचा आणि कराराचा अडसर नाही असं कळलं की लगेच. मंडळात एक शनिवार दुपार मागा. ज्याला हवी त्याने आपापलं सामान आपापल्या पैशाने आधी मागवायचं, तुम्ही पाकिटं भरून द्यायची नाहीत, आणि प्रत्येकाने स्वतःच्या घरासाठी एक स्वतः जोडायची. तुम्ही फक्त दाखवायचं, मानधन घ्यायचं नाही. पाचवीपासूनची मुलं येऊ द्यात. गुंडाळी घालणं आणि ५४० वर रेडिओ लावून ऐकणं त्यांना आवडेल. एवढंच ठेवा की ‘अणुघड्याळ’ किंवा डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी चालवणाऱ्या अमेरिकेच्या मानक संस्थेचं नाव तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरांत येऊ नये, नाहीतर त्या संस्थेची मान्यता आहे असा लोकांचा समज होतो.

मंडळातल्या गृहस्थांना काय लिहायचं याचा अवघडलेपणा तुम्हाला वाटत असणार, म्हणून मजकूर देते:

‘काका, डबीवर विश्वास दाखवलात, बरं वाटलं. चौकशी केल्यावर कळलं की ती विकायला सरकारी मंजुरी लागते आणि माझ्या व्हिसावर मला विक्री करता येत नाही. त्यामुळे ४० नग मी देऊ शकणार नाही, भेट म्हणूनही नाही. दिवाळीसाठी दुसरं काही पाहा, प्लीज. पण ज्यांना घरचं घड्याळ जुळवायचंय त्यांच्यासाठी मंडळात एक दुपार बसायला मी तयार आहे. आधी घड्याळ पश्चिमेच्या खिडकीत दोन रात्री ठेवून बघायला सांगा.’

हा निरोप आजच पाठवा, वकिलाची वेळ ठरायची वाट पाहू नका. त्यांना भेटी दुसरीकडून मागवायला पुरेसे दिवस मिळाले पाहिजेत.